अशिलाचा पैसा आणि वकिलाची सनद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. परंतु ही पायरी चढावी की न चढावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्यच पुष्कळांना नसते. नागपूरजवळच्या मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव येथील जमिनी गेल्या. गोसीखुर्दच्या जलाशयाने नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांची शेते व घरे घेतली. ज्याची जमीन अशी सक्तीने जाते, त्याला वाढीव मोबदल्यासाठी वकील करावाच लागतो. ज्या घरातील कर्ता पुरुष रस्त्यावरील अपघातात दगावतो, त्या घरातील विधवेलाही दावा न्यायाधिकरणाचे दार ठोठवावेच लागते. वर्षानुवर्षे तारखा पडतात, अखेर निकाल लागतो किंवा तडजोड होते आणि रक्कम न्यायालयात जमा होते. पुष्कळदा अशिलाच्या आयुष्यातील तीच सर्वांत मोठी रक्कम असते. ती वकिलाच्या हाती पडल्यापासून अशिलाच्या हाती पडेपर्यंतचा प्रवास मात्र कायद्याने अंधारात ठेवला आहे.

बहुसंख्य वकील हा प्रवास प्रामाणिकपणे पार पाडतात, यात शंका नाही. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. आणि त्या थोड्यांपासून अशिलाला वाचविण्याची जी व्यवस्था आज आहे ती पुरेशी नाही, असेच म्हणावे लागते.

नियम नाहीत असे नाही. भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांनुसार अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. आलेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी, याची नोंद करावी लागते. अशिलाच्या वतीने पैसे मिळाले तर ते शक्य तितक्या लवकर त्याला कळवावे लागते, आणि मागणी होताच हिशेबाची नक्कल द्यावी लागते. हाती असलेली रक्कम कर्ज म्हणून वळती करून घेण्यासही मनाई आहे. नियम चांगले आहेत; परंतु ते पाळले जातात की नाही हे पाहणारा डोळाच नाही. हे पैसे स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याची सक्ती नाही, हिशेबाची तपासणी नाही, आणि ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती दिवसांत, हेही सांगितलेले नाही.

या पोकळीचे फळ काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ मधील एका निकालावरून दिसते. उत्तर प्रदेशातील एका वृद्ध, निरक्षर माणसाचा भूसंपादनाचा मोबदला ८,११८ रुपये होता. त्याच्या वकिलाने तो १९८७ मध्ये न्यायालयातून उचलला. अशिलाला ना कळविले, ना पैसे दिले. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचे खोटे प्रतिज्ञापत्रही पुढे आले. भारतीय वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीने तीन वर्षांसाठी वकिली बंद केली. त्याविरुद्ध वकील सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने शिक्षा वाढवून त्याचे नाव सनदधारकांच्या नोंदवहीतूनच काढून टाकले. निकाल कठोर होता आणि योग्यही होता. पण आठ हजार रुपयांच्या अपहाराचा शेवट होण्यास पंधरा वर्षे लागली, ही गोष्ट त्या कठोरतेइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षेची जरब तिच्या आकारावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती मिळण्याच्या खात्रीवर व वेगावर असते, हे साधे व्यवहारज्ञान आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने तक्रारीचा निकाल एका वर्षात लावावा, अन्यथा प्रकरण भारतीय वकील परिषदेकडे जाते, अशी तरतूद केली. परंतु तेथेही प्रकरणे साचू लागली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कालमर्यादेची आठवण करून द्यावी लागली. महाराष्ट्र व गोव्याच्या परिषदेचे मुख्यालय मुंबईत, नागपूरपासून आठशे किलोमीटरवर. समितीचे तिन्ही सदस्य वकीलच. आणि समितीला ताकीद देता येते, सनद काही काळ रोखता येते, रद्द करता येते; बुडालेली रक्कम परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार मात्र कायद्याने तिला दिलेला नाही. म्हणजे तक्रारदार जिंकला तरी रित्या हातानेच घरी जातो! पैशासाठी त्याने दिवाणी दावा लावावा किंवा विश्वासघाताची फौजदारी फिर्याद द्यावी. एका वकिलाने बुडविलेल्या पैशासाठी दुसरा वकील करावा, असाच याचा अर्थ.

ग्राहक न्यायालयाचा एक जवळचा मार्ग होता, तोही बंद झाला आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. हा वाद मुळात तडजोडीच्या पैशावरूनच उभा राहिला होता, हे अनेकांच्या ध्यानात नसेल. दिल्लीतील एका अशिलाच्या न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यात प्रतिपक्षाने वीस हजार व खर्चाचे पाच हजार रुपये देण्याचे कबूल केले. ते वकिलाकडे पोचले, आणि फीच्या वादात तेथेच अडकले. वकिली हा व्यापार नव्हे, हे न्यायालयाचे म्हणणे मान्य करू. पण मग व्यापाऱ्याहून अधिक चोख हिशेबाची अपेक्षा या व्यवसायाकडून केली, तर ती गैर कशी?

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरविण्यास नियमांची मनाई आहे. तरीही असे तोंडी ठराव होतच नाहीत, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ठरावच नियमबाह्य, म्हणून तो कागदावर येत नाही. कागदावर नाही म्हणून वकिलाचा वाटा कोठे संपतो आणि अपहार कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते. अशील मूग गिळून गप्प बसतो, तो बहुधा याच कारणाने.

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. इंग्लंडमध्ये १९३५ पासून सॉलिसिटरांवर अशिलाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आले. पुढे बुडालेल्या अशिलांसाठी भरपाई निधी उभा राहिला, आणि शिस्तपालन न्यायाधिकरणावर वकील नसलेला सदस्यही बसू लागला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये, अशिलाचा पैसा जाणूनबुजून वापरणाऱ्याची सनद जवळजवळ अपरिहार्यपणे जाईल, असा दंडक घातला.

आपल्याकडेही पावले पडली आहेत. निरक्षर व अज्ञान दावेदारांची रक्कम मुदत ठेवीत गुंतवावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात पाठविण्याचा मार्ग सुचविला. हीच पद्धत भूसंपादनाच्या मोबदल्याला आणि तडजोडीच्या प्रत्येक रकमेला लागू व्हावी. मात्र दावेदाराच्या नावाचे खाते म्हणजे दावेदाराच्या ताब्यातील खाते नव्हे. कोऱ्या धनादेशांवर आधीच सह्या वा अंगठे घेतले गेले, तर थेट भरणाही व्यर्थ. म्हणून रक्कम जमा होताच न्यायालयाच्या कार्यालयाने अशिलाला मराठीत, आकड्यासह, स्वतंत्र सूचना पाठवावी. जी रक्कम वकिलाच्या हातून जाणे अटळ असेल, तिच्यासाठी वेगळे खाते आणि पैसे चुकते करण्याची ठरावीक मुदत असावी. शिस्तपालन समितीला रक्कम व्याजासह परत करविण्याचा अधिकार द्यावा, तिच्यावर एक बाहेरचा सदस्य असावा, आणि वकिलांच्या वार्षिक वर्गणीतून भरपाई निधी उभारावा.

यावर, हरलेले वा फी बुडवू पाहणारे अशील खोट्या तक्रारी करतात, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. पण खोट्या तक्रारीविरुद्ध वेगळ्या खात्याच्या उताऱ्याइतकी भक्कम ढाल दुसरी कोणती? हिशेबाचे भय चोराला असते. प्रामाणिक माणसाला तो आधारच वाटतो.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न शेत गमावलेल्या माणसाला तरी पडू नये. आपले कुंपण आपणच राखू, असे वकीलवर्ग दीर्घकाळ म्हणत आला आहे आणि कायद्याने त्याचा शब्द मानला आहे. तो शब्द खरा करून दाखविण्याची जबाबदारीही आता त्याचीच आहे.