निळ्या शाईचा स्वभाव



"मामा, माका निळो रंग जमणाच नाय," असे म्हणत माझी सहावीतली भाची रविवारी चित्रकलेची वही घेऊन आली आणि दारातच बसली. मागोमाग तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तणतणत आली. बहीण काजूच्या कारखान्यात कामाला जाते. पोरीने वर्षभर हट्ट धरला म्हणून तिने चोवीस मार्करची पेटी आणून दिली होती, आणि पहिल्याच दिवशी पोरीने दोन चित्रे घालवली, असे तिचे म्हणणे.

मी वही पाहिली. सिंधुदुर्ग किल्ला छान जमला होता. समुद्र मात्र पट्ट्यापट्ट्यांचा, जणू निळ्या सतरंजीवर किल्ला मांडला आहे. शिवाय निळा रंग रेषा ओलांडून तटाच्या भिंतीत शिरलेला. खरे नुकसान मात्र पान उलटल्यावर दिसले. कागद वाचावा म्हणून ही मुलगी पाठपोट चित्रे काढते. मागच्या बाजूला १४ एप्रिलच्या स्पर्धेसाठी पंधरा दिवस खपून काढलेले महाडचे चवदार तळे होते, आणि त्यावर समुद्राचे निळे डाग उतरले होते. तिला एक धपाटा मिळाला आहे, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होते.

त्या धपाट्याचा हिशेब मला पटला नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून, चित्रकार नव्हे. पण मंडळाचे फलक रंगवण्यात बरीच वर्षे गेली आहेत आणि याच शाईने मलाही फसवले आहे. दोष मुलीच्या हाताचा नव्हता. तिला आजवर स्केचपेनची सवय. स्केचपेनची शाई पाण्याची, या मार्करची शाई स्पिरिटची. टोपण काढताच नाकाला वास येतो तो त्याचाच. या स्पिरिटमध्ये रंग विरघळलेला असतो, जोडीला रंग धरून ठेवणारी थोडी राळ असते. स्पिरिट उडून जाते, रंग कागदाच्या तंतूंत राहतो. वर पाणी सांडले तरी हलत नाही म्हणून आपण तिला 'पक्की शाई' म्हणतो. पण हा पक्केपणा पाण्यापुरताच आहे. पुन्हा स्पिरिट आले की वाळलेला रंग परत विरघळतो आणि चालू लागतो.

हे मुलीला तोंडी सांगून पटेना. मग टिपकागदाच्या पट्टीवर खालून बोटभर अंतरावर दोन निळे ठिपके दिले, एक स्केचपेनचा, एक मार्करचा. पट्टीचे फक्त टोक पाण्यात बुडवले. पाणी वर चढले तसा स्केचपेनचा ठिपका पसरला, मार्करचा जागचा हलला नाही. दुसरी तशीच पट्टी जखमेला लावायच्या स्पिरिटमध्ये धरली. आता मार्करचा ठिपका चढू लागला आणि वर जाताना त्याची कड जांभळट दिसू लागली. म्हणजे तो 'निळा' एकटा नव्हता, त्यात दुसराही रंग मिसळलेला होता. काही निळ्या शाईंत तो असतो, काहींत नसतो. मिश्रण असे वेगळे करण्याची रीत शंभरेक वर्षांपूर्वी मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग वेगळे करताना शोधली. रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग! हे ऐकून भाची पहिल्यांदा हसली.

आता तिचा समुद्र पट्ट्यांचा का झाला ते पाहा. स्केचपेनसारखी एक रेघ ओढायची, थांबायचे, दुसरी ओढायची, असे तिने केले. पहिली रेघ वाळली होती. दुसरीचा काठ जिथे तिच्यावर चढला तिथे दोन थर झाले आणि गडद पट्टा उमटला. पहिल्या रेघेची कड ओली आहे तोवरच दुसरी तिला भिडवली की दोन्ही एकमेकींत मिसळतात. मोठा भाग असेल तर मार्करचे रुंद टोक घ्यावे आणि मध्ये पाणी प्यायला उठू नये. तटात रंग शिरला, कारण टोक उचलल्यावरही शाई तंतूंतून थोडी पुढे जाते. रेषेच्या अलीकडे केसभर थांबावे, उरलेले अंतर शाई आपण होऊन भरते.

फिक्या निळ्याची गंमत तर आणखी वेगळी. गडद निळा वाळल्यावर त्यावर फिका निळा टेकवा. वाटते की वर फिका थर बसेल. होते उलटेच. नवे स्पिरिट खालचा रंग सैल करून बाजूला ढकलते, मध्ये उजळ डाग आणि भोवती गडद कडे पडते. गुळगुळीत आकाशात हे घडले तर चित्र गेले, पण समुद्रावर उन्हाची चमक हवी असेल तर हीच खोड उपयोगी पडते. तरी यातून शुभ्र पांढरा कधी मिळत नाही. ही शाई रंगीत काचेसारखी पारदर्शक, तिच्यातला पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा. म्हणून लाटांचा फेस आधीच कोरा सोडायचा. पिवळ्या रेतीवर निळा गेला तर हिरवे होणार, हेही त्यामुळेच. टोपणाच्या रंगावर विसंबू नये. शाई ओली असताना गडद दिसते, वाळल्यावर उतरते. त्याच कागदाच्या तुकड्यावर पेटीतल्या सगळ्या निळ्यांचे चौकोन काढून, पुढे क्रमांक लिहून ठेवावा.

पाठपोट चित्रे मात्र या शाईत चालणार नाहीत. वहीच्या साध्या कागदातून ती आरपार जाते. खाली रद्दीचे जाड पान ठेवल्याने पुढचे पान वाचते, मागची बाजू वाचत नाही. बॉलपेनची बाह्यरेषाही आधी काढू नये, स्पिरिटने ती विरघळून निळ्यात मिसळते. आणि माता-भगिनींनो, स्पिरिट पेट घेते. मुलांना चुलीजवळ, गॅसजवळ बसवू नका, खिडकी उघडी ठेवा.

त्या दुपारी तिने नवा समुद्र केला. एक पट्टा राहिलाच, तो तिने होडीखाली दडवला. चवदार तळे नव्याने काढायला घेतले आहे, या वेळी वेगळ्या कागदावर.

किल्ल्याचे चित्र बहिणीने पडवीत उन्हाच्या बाजूला लावायला घेतले, तेव्हा मी अडवले. अशा निळ्याने लिहिलेला आमचा एक फलक वर्षभर दारावर उन्हात होता. पुढच्या जयंतीला अक्षरे ओळखू येईनात. या शाईतला रंग विरघळलेला असल्यामुळे प्रकाशाने तो लवकर विटतो, तसे दगडमातीच्या रंगांतल्या कणांचे होत नाही. रंग उन्हात किती टिकतो हे मोजायचे जगभरचे एक माप आहे. त्यात निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, पहिली सर्वांत लवकर विटणारी, आठवी सर्वांत टिकाऊ. आमच्याकडे लोकर नव्हती. भाचीने निळ्याचा एक चौकोन अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत लावला आहे. खाली तारीख पेन्सिलीने लिहिली आहे, ती विटू नये म्हणून.