टणटणीचे पिवळे फूल



शाळेच्या मागच्या कुंपणातील टणटणी तोडून टाका, असे आम्हीच सांगितले होते. गडी कोयता घेऊन आला त्या दिवशी सहावीतील एका मुलीने विचारले, "सर, फुलपाखरं पिवळ्या फुलांवरच बसतात. मग झाड लाल फुलं कशाला ठेवतं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. काम थांबवले आणि पुस्तके काढली.

टणटणीचे फूल उमलते तेव्हा पिवळे असते व त्यात मध असतो. पुढे ते नारिंगी, मग लाल होते. मध संपलेला असतो. लाल फुले गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबूनही उठून दिसतो. जवळ आल्यावर फुलपाखरू रंग पाहून पिवळे फूल निवडते. मार्था वाइस या संशोधिकेने १९९१ साली हे मांडले.

फुलपाखराचा डोळा हजारो बारीक डोळ्यांचा बनलेला असतो. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे ३ प्रकारच्या. आपल्या परसातल्या कढीलिंबावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराच्या एका जपानी भाऊबंदाकडे त्या किमान ६ प्रकारच्या आहेत, आणि ब्लूबॉटल नावाच्या फुलपाखरात २०१६ साली १५ प्रकार सापडले! जांभळ्याच्या पलीकडचे किरणही त्यांना दिसतात. आपल्या डोळ्यातील भिंग ते किरण अडवते. पावसाळ्यानंतर आपल्याकडे दिसणाऱ्या ग्रेट एगफ्लाय नराच्या काळ्या पंखांवरचे ठिपके आपल्याला पांढरे-निळसर दिसतात. मादीला त्यांत आपल्याला न दिसणारी झळाळीही दिसते.

या किरणांना मराठीत अतिनील म्हणतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे पराबैंगनी पाठ केले. शेजारच्या कन्नड शाळेत नेरळातीत म्हणतात. नेरळे म्हणजे आपले जांभूळच. तिन्ही शब्दांची व्याख्या पाठ करून गुण मिळतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण त्या मुलीचा प्रश्न कुठल्याच व्याख्येतून आला नव्हता. तो कुंपणापाशी उभे राहून आला, आणि घरच्या बोलीत आला. विज्ञान इंग्रजीशिवाय जमत नाही म्हणून मुलांचे दाखले मागणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. आमच्या मते आधी पाहणे, मग शब्द. आम्ही शिक्षकही बरेचदा उलटे करतो.

टणटणी परदेशी आहे, माजली की गुरांचा चारा दाबते. ती लावा असे आमचे म्हणणे नाही. तूर्त कोपऱ्यातली पाच-सहा झुडपे ठेवली आहेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सहावीची मुले मधल्या सुट्टीत कोणते फुलपाखरू कोणत्या रंगावर बसले ते लिहून ठेवतील. वही विज्ञानाच्या बाईंकडे आहे, पालकांनी जरूर पाहावी.