जीवनसत्त्वांचा अतिरेक व हृदय

गणपतीच्या सणास संगमेश्वर तालुक्यांतील गांवोगांवीं मुंबईहून चाकरमानी परततात, तेव्हां वृद्ध आईबापांसाठीं शक्तीच्या गोळ्यांची एखादी बाटलीही घरीं येते. त्यामागील प्रेमाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु डॉक्टरांस न विचारतां घेतलेल्या ह्या गोळ्या हृदयास हितकर होतीलच, असें आम्हांस वाटत नाहीं.

'ई' जीवनसत्त्वानें हृदयविकार टळतो, अशी पूर्वीं समजूत होती. मूळचे केरळचे व कॅनडांत कार्य करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालीं, हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारें 9,500 लोकांवर तिची परीक्षा झाली. रोज 400 एककें घेऊनही लाभ होत नाहीं, असें 2000 सालीं दिसून आलें. पुढें 2005 सालीं तर हृदय दुर्बल होण्याचें प्रमाण उलट वाढल्याचें आढळलें. 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास रक्तांतील कॅल्शियम वाढतें व हृदयाची लय बिघडूं शकते. हीं दोन्ही सत्त्वें चरबींत विरघळणारीं असल्यामुळें शरीरांत सांठत जातात.

उणीव असल्यास औषध अवश्य घ्यावें. परंतु तें रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढेंच. एरव्हीं नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला व मासळी आपल्या घरीं आहेच. बाटली आणणाऱ्या मुलानें आईस प्रथम दवाखान्यांत न्यावें; तीच तिची खरी सेवा होय.