रंगातला ‘साबण’ भेसळ नव्हे



नव्या भिंतीवरचे चिकट ओघळ पाहून ‘कंपन्या इमल्शन रंगात साबण मिसळतात’ असा आरोप गेल्या अंकातील पत्रलेखकाने केला आहे. तो पटत नाही. पाण्यातले पॉलिमरचे कण आणि रंगद्रव्य यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सर्फॅक्टंट हा साबणासारखा पदार्थ घालावाच लागतो. रंग भिंतीवर नीट पसरतो तोही त्याच्यामुळे. पाणी उडून जाते, सर्फॅक्टंट थरातच राहतो. थर पुरता पक्का होण्याआधी दव किंवा दमट हवा लागली, की हा सर्फॅक्टंट विरघळून तपकिरी ओघळ उतरतात. साध्या पाण्याने धुवावेत. एकदोनदा पुन्हा येतीलही. सर्फॅक्टंटचे प्रमाण फाजील असेल तर मात्र रंगाला फेस येतो, घासल्यावर थर लवकर झिजतो. तक्रार करायचीच तर त्याची करावी. बाकी, भर पावसाळ्यात बाहेरची भिंत रंगवू नये, एवढे रंगाऱ्याने आधीच सांगायला हवे होते.

— एक वाचक, ठाणे