उभ्या विमानाचा खर्च

छोट्या खासगी विमानांबद्दल या स्तंभात काही लिहिलं की वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो: असं विमान कितीला पडतं? त्याचं उत्तर देणं अवघड नाही. पण किमतीचा आकडा कळला म्हणून विमान परवडेल की नाही हे कळत नाही. खरेदीची रक्कम एकदाच जाते, आणि विमान नीट ठेवलेलं असेल तर विकताना त्यातली बरीचशी परतही येते. माणूस खचतो तो विमान हँगरमध्ये उभं असताना होणाऱ्या खर्चानं.

सेस्ना १७२चं उदाहरण घेऊ. जगात याच्याइतक्या संख्येनं दुसरं कुठलंही विमान बनलेलं नाही. १९५५ साली ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त विमानं कारखान्यातून बाहेर पडली. चार आसनं, एक पिस्टन इंजिन, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि इंधन तासाला ३० ते ३५ लिटर. अमेरिकेत खासगी मालकांकडे असलेली बरीचशी १७२ विमानं १९६० आणि १९७०च्या दशकांतली आहेत. पन्नास वर्षांची जुनी विमानं लोक हौसेपोटी वापरत नाहीत, त्यामागे कायद्याची गोष्ट आहे. अपघातानंतर उत्पादकावर होणाऱ्या भरपाईच्या दाव्यांनी तिथल्या कंपन्या इतक्या बेजार झाल्या की १९८६मध्ये सेस्नानं छोटी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. १९९४मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून उत्पादकाची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली, तेव्हा कॅन्ससमध्ये नवा कारखाना उभा राहिला आणि १७२ पुन्हा बनू लागली. आज नवं विमान चार लाख डॉलरच्या पुढे जातं, तर सुस्थितीतलं जुनं एक लाख डॉलरच्या आसपास मिळतं.

आता हे जुनं विमान अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावी ठेवलं आहे असं धरून ढोबळ हिशेब मांडू. हँगरचं भाडं महिन्याला ३०० डॉलर, म्हणजे वर्षाला ३६००. विमा १५००. वर्षातून एकदा करावीच लागणारी सक्तीची तपासणी आणि तिच्यात निघालेली दुरुस्ती मिळून ४०००. नकाशे, टायर, किरकोळ सुटे भाग असे ९००. एकूण १० हजार डॉलर. वर्षभरात एकदाही उड्डाण केलं नाही तरी हे भरायचेच. उडाल्यावर तासाला इंधनाचे ५५ डॉलर, तेलपाण्याचे ५ आणि इंजिनासाठी बाजूला काढायचे २०. हे शेवटचे २० बरेच नवे मालक विसरतात. दोन हजार तासांनी इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करावं लागतं, म्हणजेच ओव्हरहॉल, त्याचे ४० हजार डॉलर धरले तर प्रत्येक तासाला २० डॉलरचं देणं साचत असतं.

म्हणजे वर्षाला ५० तास उडणाऱ्याला एक तास २८० डॉलरना पडतो. तेच विमान २०० तास उडालं तर तासाचा खर्च १३० डॉलरवर येतो. विमान तेच, गाव तेच, फक्त चाकं जमिनीवरून जास्त वेळा सुटली. एकटा नोकरदार माणूस २०० तास उडू शकत नाही. शनिवार-रविवार, हवामान, घरची कामं यांतून त्याला ५० तास निघाले तरी खूप झालं.

पैशांचा हिशेब इथे संपतो, पण उभ्या विमानाचं दुखणं याहून खोल आहे. बहुतेक सेस्ना १७२ विमानांना लायकोमिंग कंपनीचं इंजिन असतं. त्यात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला आहे. इंजिन बंद झालं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली ओघळतं आणि धातू उघडा पडतो. ज्वलनातून तयार झालेली वाफ आत अडकलेली असते, हवेतला दमटपणा भर घालतो आणि त्या उघड्या धातूवर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. पुढच्या वेळी इंजिन सुरू होतं तेव्हा हेच ठिपके घासले जाऊन धातूचा चुरा तेलात उतरतो. यावरचा उपाय नियमित उड्डाण हाच. तेल चांगलं तापून त्यातलं पाणी उडून जाईल इतका वेळ विमान हवेत राहिलं पाहिजे. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून बंद केलं तर पाणी वाढतं, कमी होत नाही. म्हणूनच तेल बदलण्याचा नियम ५० तास किंवा चार महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असा आहे. पूर्ण ओव्हरहॉललाही दोन हजार तासांच्या जोडीनं १२ वर्षांची मर्यादा सांगितलेली आहे. वर्षाला ३० तास उडणाऱ्याच्या इंजिनाचे १२ वर्षांत ३६० तास भरतात. बाकीच्या तासांचे पैसे त्यानं मोजले, पण ते तास त्याला मिळालेच नाहीत.

गंज वैमानिकालाही चढतो, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. अमेरिकेत प्रवासी सोबत घ्यायचा असेल तर आधीच्या ९० दिवसांत किमान तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. ही अगदी तळची अट आहे. ती जेमतेम पाळणारा माणूस आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना जी चाचपड करतो, ती आठवड्याला उडणारा करत नाही. खर्च वाढला म्हणून उड्डाणं कमी करायची, उड्डाणं कमी झाली म्हणून हात बसत नाही आणि तासही महाग पडतो. छोट्या विमानाच्या बाबतीत काटकसर आणि सुरक्षितता एकाच दिशेला आहेत, आणि ती दिशा म्हणजे जास्त वेळा उडणं. ते एकट्याला जमत नाही. पाच-सहा जणांनी मिळून एक विमान ठेवलं तरच जमतं.

अमेरिकेतल्या फ्लाइंग क्लबांनी हे फार पूर्वी ओळखलं. तिथल्या व्यवस्थेचा त्यांना आधारही मोठा आहे. सर्वांसाठी खुले असलेले सुमारे पाच हजार विमानतळ, त्यांतल्या अनेक ठिकाणी कार्ड घासून स्वतः इंधन भरायचा पंप, आणि छोट्या पिस्टन विमानाला हवाई वाहतूक नियंत्रणाचं वेगळं बिल नाही, कारण तो पैसा इंधनावरच्या करातून येतो. खासगी परवान्यावर उडणाऱ्याला प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही, पण इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं सोबत्यांमध्ये समान वाटता येतं. नियम करणाऱ्यांनी विभागणी गृहीत धरलेली आहे.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली होती. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८चा. जुहूच्या त्या क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळवला, आणि त्यावर क्रमांक १ होता. ते घरंदाज श्रीमंत होते, तरीही शिकले क्लबमध्येच. पुढे अनेक शहरांत असे क्लब निघाले, सरकार त्यांना अनुदान देत असे. आज बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर चालतं. गोंदियात मोठी संस्था आहे, अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियानं प्रशिक्षण केंद्र जाहीर केलं. हे सगळं हवंच आहे, देशाला वैमानिक लागणारच. पण या संस्थांची विमानं व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांच्या मागे धावतात. चाळीस तासांचा खासगी परवाना काढून नंतर रविवारी उडू इच्छिणाऱ्या डॉक्टरला किंवा कारखानदाराला तिथे विमान मिळेलच याची खात्री नाही. परवाना मिळतो, वर्षभर कौतुक होतं आणि मग तो कपाटात जातो.

महाराष्ट्रात उडण्याच्या अडचणीही वेगळ्या आहेत, आणि त्या जाणून न घेता अमेरिकेचा हिशेब इथे लावणं धोक्याचं ठरेल. पहिली अडचण पावसाची. नजरेनं पाहून उडण्याच्या नियमांनुसार किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. जून ते सप्टेंबर ती किती दिवस मिळते हे घाटमाथ्यावरच्या कुणालाही विचारा. चार महिने विमान उभं, तेही दमट हवेत. इंजिनाला याहून वाईट ऋतू नाही. दुसरी अडचण उन्हाची. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे, पण पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती जवळपास १३०० मीटरवर असल्यासारखी वाटते. टेक-ऑफला धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. अशा वेळी वजनाचं गणित काटेकोर ठेवावं लागतं. अलीकडच्या १७२मध्ये माणसं, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलो चालतात. टाक्या पूर्ण भरल्या की त्यातले १४४ किलो गेले. राहिले अडीचशे, म्हणजे बॅगांसह तीन मोठी माणसं. चार आसनं पाहून चौघं बसवणाऱ्या मालकानं हे आधी समजून घ्यावं.

तिसरी गोष्ट इंधनाची. या इंजिनांना लागणारं अ‍ॅव्हगॅस आपण अनेक वर्षं आयातच करत होतो. सप्टेंबर २०२२मध्ये इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं देशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणलं. हे मोठं पाऊल होतं. तरी ते मोजक्याच ठिकाणी मिळतं, बाकीच्यांना पिंपांतून मागवून साठवावं लागतं. म्हणून अनेक संस्था आता डायमंड डीए-४०सारख्या, जेटचं इंधन पिणाऱ्या डिझेल इंजिनाच्या विमानांकडे वळल्या. ते इंधन मोठ्या विमानतळांवर सहज मिळतं आणि कमी लागतं. महाराष्ट्रात आज एखादा गट नव्यानं विमान घेत असेल, तर मी त्याला याच वाटेनं जायला सांगेन.

आणि मग कर. २२ सप्टेंबर २०२५पासून व्यक्तिगत वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, इतर विमानांवर ५ टक्के. आलिशान जेट घेणाऱ्याकडून ४० टक्के घेण्याला माझा विरोध नाही. पण सहा जणांनी वर्गणी काढून घेतलेलं चार आसनी पिस्टन विमान त्या जेटच्या रांगेत उभं राहता कामा नये. एक इंजिन, चार आसनं आणि नोंदणीकृत क्लबची मालकी अशी साधी व्याख्या करून ही विमानं ५ टक्क्यांत आणता येतील. सरकारचा महसूल त्यानं बुडणार नाही, कारण आज अशी विमानं जवळपास कुणी घेतच नाही.

एवढे अडथळे असूनही या राज्यात विमानाचं वेड आहे, याचा पुरावा कांदिवलीच्या चारकोपमध्ये मिळाला. कॅप्टन अमोल यादव यांनी तिथल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं, २०१६च्या ‘मेक इन इंडिया’त ते लोकांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्याची नोंदणी झाली. त्या विमानानं नोंदणीसाठी पाहिलेली वाट बघता, गच्चीवर विमान बांधणं नियमांतून वाट काढण्यापेक्षा सोपं होतं असंच म्हणावं लागतं.

राज्याकडे धावपट्ट्या आहेत. धुळे, कराड, लातूर, यवतमाळ इथे जागा आहे. तिथे क्लबांना नाममात्र भाड्यानं हँगरची जागा द्यावी, आणि सरकारी धावपट्टी वापरणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेनं खासगी परवानाधारकांसाठी दर आठवड्याला काही तास राखून ठेवावेत, अशी अट भाडेपट्ट्यातच घालावी. पण मागणी दिसल्याशिवाय हे होणार नाही. ज्यांच्या कपाटात खासगी परवाना पडून आहे त्यांनी आपल्या जिल्ह्यातले आणखी चार परवानाधारक शोधावेत, विमान विकत घेण्याची घाई न करता आधी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे हँगरच्या जागेसाठी आणि जवळच्या संस्थेकडे तासांसाठी लेखी अर्ज करावा, आणि त्या अर्जाची प्रत मला पाठवावी. मिळालेली उत्तरं या स्तंभात छापेन.