सर्टिफिकेटवर सही करण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करायच्या वेळेला एक तरुण आला. आजारी नव्हता. हातात छापील कागद होता. "डॉक्टरकाका, फक्त सही आणि शिक्का पाहिजे. तीन दिवसांची सायकल शर्यत आहे, उद्या फॉर्म भरायचा शेवटचा दिवस." मी म्हटले, "बस. बाही वर कर." तो घड्याळाकडे पाहू लागला.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. सुरुवातीची एक छोटी शर्यत आणि मग चार दिवस चार टप्पे, सगळे मिळून सुमारे ४३७ किलोमीटर. तेव्हापासून आमच्याकडेही 'टप्प्यांची शर्यत' हे शब्द कानावर येऊ लागले आहेत. मला त्याचा आनंदच आहे. मोहने हे तसे सायकलींचेच गाव. एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा हँडलला डबा अडकवून पाळीवर जाणारी माणसे आम्ही रोज पाहात होतो. त्याला व्यायाम म्हणतात हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. कंपनी २००९ मध्ये बंद पडली, सायकली भंगारात गेल्या आणि त्याच घरांतली पोटे आता माझ्या टेबलापलीकडे बसतात. तेव्हा कुणी सायकल काढत असेल तर मी अडवणारा नव्हे.

पण त्या कागदाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला स्वतःवरून कळली आहे.

सेहेचाळिसाव्या वर्षी मीही अशीच तीन दिवसांची हौशी शर्यत लावली होती. वर्षभर पहाटे टिटवाळ्यापर्यंत आणि रविवारी मुरबाड रस्त्याने माळशेजच्या दिशेने जात होतो. शंभर किलोमीटर सहज होत असत. सर्टिफिकेटसाठी एका डॉक्टर मित्राकडे गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या, सही झाली. त्याने नाडीसुद्धा पाहिली नाही आणि मीही म्हटले नाही की पाहा. डॉक्टरला डॉक्टरने काय तपासायचे!

पहिला टप्पा मी जीव तोडून मारला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलांच्या पुढे आलो. संध्याकाळभर अभिनंदनाचे फोन घेत बसलो, भूक मेली होती म्हणून नीट जेवलो नाही, झोपायला बारा वाजले. मांड्या ठणकत होत्या, तेव्हा पहाटे उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेतली. रोग्याला मी कधी अशी दिली नसती. दुसऱ्या दिवशी घाटात अकराच्या उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी झाली आणि रस्त्याच्या कडेला बसलो. टेम्पोतून परत आलो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. कल्याणला रक्त तपासले तर क्रिएटिनिन १.९. दहा दिवसांनी ते पूर्वपदावर आले, हे नशीब. त्याच गडबडीत कळले की माझे ब्लडप्रेशर १५०/९६ आहे. ते केव्हापासून वाढलेले होते, देव जाणे.

झाले असे की अतिश्रमाने स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यांतला रंगद्रव्याचा अंश रक्तात उतरतो. तो गाळून टाकायचे काम मूत्रपिंडाचे. शरीरात पाणी कमी, त्यात दुखण्याची गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंड बसते. एका दिवसाच्या शर्यतीत माणूस चुकला तरी दुसऱ्या दिवशी आडवा पडतो आणि सुटतो. टप्प्यांच्या शर्यतीत त्याच शरीराने सकाळी पुन्हा निघायचे असते.

१९०३ मध्ये फ्रान्सची पहिली टूर झाली तेव्हा २,४२८ किलोमीटरचे सहाच टप्पे होते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस होते. तरी साठांपैकी एकवीसच शेवटपर्यंत पोहोचले. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजार किलोमीटरहून मोठी, पंधरा टप्प्यांची शर्यत पुरी करून आले. मुले ही नावे घेतात आणि घ्यावीतच. मात्र समर्थ त्याच्या आदल्या वर्षी एकट्याने अमेरिका आरपार करून आलेले होते, हे कुणी सांगत नाही.

माझे मत विचाराल तर टप्प्यांची शर्यत संध्याकाळी खेळली जाते. स्नायूंतला साखरेचा साठा जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. तो भरून काढायला सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन तास सर्वांत चांगले. भूक नसली तरी वरण-भात, केळी, गूळ पोटात गेला पाहिजे. नुसते पाणी ढोसत राहणेही घातक, रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी महागड्या पेयांपेक्षा कमी नाही. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजावी. नेहमीपेक्षा दहाने जास्त असेल तर त्या दिवशी पुढे राहण्याचा हट्ट सोडावा. आणि दुखण्याची गोळी शर्यतीत नको म्हणजे नको.

राहिला तो कागद. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे रुचणार नाही, पण न तपासता केलेली सही ही खोटी साक्ष आहे. मी स्वतः तिचा फायदा घेतला म्हणूनच हे बोलतो. कोऱ्या फॉर्मवर सही मिळते हे आयोजकांनाही ठाऊक असते. त्यांनी निदान चाळिशीपुढच्यांचा ईसीजी जोडायला सांगावा.

त्या तरुणाचे ब्लडप्रेशर उत्तम निघाले, नाडी पन्नासची, खेळाडूची. मी सही करायला पेन काढले आणि सवयीने विचारले, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" तो म्हणाला, "नाही. वडील गेले, पण ते झोपेत गेले. बेचाळीस वर्षांचे होते."

पेन खिशात ठेवले. घरात कमी वयात असा अचानक मृत्यू झालेला असला तर हृदयाचा स्नायू जाड असण्याचा दोष मुलातही उतरलेला असू शकतो. बसल्या जागी त्याचा काही पत्ता लागत नाही, जोराच्या श्रमात लागतो. ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी लिहून दिली. फॉर्मची तारीख हुकणार म्हणून तो चिडला, वर्षभराची मेहनत वाया जाईल म्हणाला. खोटे नव्हते. त्याची आई पायरीवर थांबली होती हे मला तो गेल्यावर दिसले.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी तो रिपोर्ट घेऊन येणार आहे.