विजेची मोटार आणि एस. टी.चा उतारू

२०२५ सालच्या पहिल्या चार महिन्यांत महाराष्ट्र सरकारने वाहतुकीसंबंधी तीन निर्णय केले. २५ जानेवारीपासून एस. टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मार्चच्या अंदाजपत्रकात ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विजेवरील वाहनांवर ६ टक्के मोटारवाहन कर बसविण्याचा प्रस्ताव होता. तो त्याच महिन्यात मुख्यमंत्री ना. देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत मागे घेतला. पुढे २९ एप्रिल रोजी मंत्रिमंडळाने विद्युत्-वाहनांचे नवे धोरण मंजूर केले, त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद केली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विजेवरील चारचाकी गाड्यांस व बसगाड्यांस पथकर माफ करण्याचे ठरविले. हे तिन्ही निर्णय शेजारी शेजारी ठेवले असता दर्यापूरहून अकोल्याच्या रुग्णालयाकडे निघालेल्या उतारूने अधिक द्यावे आणि तीस लाखांच्या मोटारीच्या धन्याने कमी द्यावे, असा त्यांचा अर्थ होतो. तसा सरकारचा हेतू नसेलही. परंतु राज्यकारभारात हेतूपेक्षा परिणामाचाच हिशेब मांडावा लागतो.

विजेच्या वाहनांस आमचा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते आणि त्यापायी परकीय चलनाचा ओघ अव्याहत बाहेर वाहत असतो. अकोल्याच्या वैशाखातील उन्हात बसस्थानकाबाहेर उभे राहून डिझेलचा धूर ज्याने गिळला आहे, त्यास धूर न सोडणाऱ्या गाडीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. नवी यंत्रविद्या आरंभी महाग असते, तिच्या बाल्यावस्थेत राज्याने हात द्यावा लागतो, हेही आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की हा हात कोणास, कोणत्या अटीवर आणि किती काळ द्यावयाचा.

खासगी भांडवलास सरकारी तिजोरीतून धीर देण्याचा प्रयोग वऱ्हाडला नवा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस १८४९ सालच्या कराराने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली होती. अकोला आणि बडनेरा येथून जाणारा लोहमार्ग, ज्यावरून आमचा कापूस मुंबईच्या गोदीकडे गेला, तो याच हमीच्या आधारावर उभा राहिला. कंपनीस तूट आली तर ती हिंदुस्थानच्या करदात्याने भरावयाची होती. लोहमार्ग झाला, त्याचा उपयोगही झाला. तथापि नफा निश्चित असल्यामुळे काटकसर करण्याचे कंपन्यांस कारण उरले नाही, ही त्या पद्धतीवरील टीका रमेशचंद्र दत्तांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडून ठेवली आहे. त्या अनुभवाचा बोध असा की, साहाय्य दिले म्हणून राज्य चुकत नाही. ते हिशेब न मागता दिले म्हणजे चुकते.

आजच्या अनुदानांस हीच कसोटी लावून पाहू. मध्यवर्ती सरकारने मोटार-कारखानदारीसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली. मालाच्या मूल्यापैकी निदान निम्मा भाग देशात निर्माण झाला पाहिजे आणि तो माल विकला गेला पाहिजे, मगच पैसा, अशी तिची रचना आहे. ती आम्हांस योग्य वाटते. याउलट २०१९ पासून चाललेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात काय घडले, ते आठवावे. देशी बनावटीची अट घालून दुचाकींस अनुदान दिले गेले. परंतु काही कारखानदारांनी सुटे भाग परदेशातून आणून ते लाटल्याच्या तक्रारी आल्या, चौकशी झाली आणि २०२३ मध्ये दिलेला पैसा परत मागण्याची पाळी सरकारवर आली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अनुदानाची कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून एकदम १५ टक्क्यांवर आणण्यात आली. आधी सैल हात आणि मागाहून आखडता, या दोन्हींचा जाच अखेर ग्राहकासच सोसावा लागला.

कारखानदारास मिळणाऱ्या या संरक्षणाकडे वऱ्हाडचा कास्तकार कोणत्या नजरेने पाहत असेल, याचाही विचार व्हावा. २०२५ मध्ये परदेशी मोटारींवर सामान्यतः ७ ० टक्के वा त्याहून अधिक आयातकर होता. त्याच वर्षी १९ ऑगस्ट रोजी मध्यवर्ती सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर उठविला आणि ती सूट प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत व नंतर ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवली. म्हणजे आमचा कापूस घरात येऊन बाजारात निघण्याच्या ऐन हंगामात बाहेरच्या कापसास दार मोकळे होते. गिरण्यांस स्वस्त कच्चा माल हवा, हा युक्तिवाद आम्ही समजू शकतो. परंतु मोटार बनविणाऱ्यास तटबंदी आणि कापूस पिकविणाऱ्यास उघडे मैदान, हा भेद कोणत्या न्यायाने केला जातो, ते आम्हांस समजत नाही.

आता राज्य सरकारच्या तिजोरीकडे वळू. २०२१ च्या राज्य धोरणात पहिल्या १ लाख दुचाकींस प्रत्येकी कमाल १० हजार रुपये आणि पहिल्या १० हजार मोटारींस प्रत्येकी कमाल दीड लाख रुपये अशी मूळ सवलत होती. साधा गुणाकार केला तरी एक लाख दुचाकीस्वारांच्या वाट्यास १०० कोटी आणि दहा हजार मोटारवाल्यांच्या वाट्यास १५० कोटी येतात. २०२५ च्या धोरणातही वाहनाच्या किमतीच्या टक्केवारीने सवलत देण्याचे तत्त्व आहे. टक्केवारीने दिलेली सवलत कमाल मर्यादेत बांधली तरी तिचा ओघ महागड्या वस्तूकडेच वळतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची जरूर नाही.

ही विषमता माणसामाणसांतच आहे असे नव्हे, ती गावागावांतही आहे. त्याच २०२१ च्या धोरणात वीज भरण्याच्या केंद्रांचे जे लक्ष्य ठरले, त्यात बृहन्मुंबईस १,५००, पुण्यास ५००, नागपुरास १५० आणि अमरावतीस ३० केंद्रे नेमून दिली होती. अकोल्याचे नाव त्या यादीत नव्हते. ज्या गावी वीज भरण्याची सोय नाही त्या गावी विजेची गाडी कोणी घेत नाही, आणि जेथे गाडी नाही तेथे अनुदानही पोहोचत नाही. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव व नांदगाव खंडेश्वर या भागांतून जातो, अकोला जिल्ह्यास तो स्पर्शही करीत नाही. तेव्हा त्यावरील पथकर माफीचा लाभ आमच्यापैकी किती जणांस होणार, हे वाचकांनीच ठरवावे. पारसच्या औष्णिक केंद्राची राख अकोला जिल्ह्याने सोसावी, त्या विजेवर धावणाऱ्या मोटारींनी दूरच्या महानगरांची हवा निर्मळ करावी, आणि पिकास पाणी देण्यासाठी शेतकऱ्याने रात्री-अपरात्री वीज येण्याची वाट पाहावी, ही वाटणी न्यायाची म्हणता येणार नाही.

मग अनुदान बंद करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. ते बंद करू नये, त्याची दिशा बदलावी. चीनमधील शेनझेन या शहराने २०१७ च्या अखेरपर्यंत आपल्या सुमारे १६ हजार बसगाड्या विजेवर आणल्या. तेथेही सरकारचा पैसा लागलाच. परंतु तो रोज लक्षावधी लोक ज्या वाहनातून प्रवास करतात त्या वाहनावर लागला. दिवसभर धावणारी बस एकट्या माणसाच्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक डिझेल जाळते, म्हणून तिच्यावर खर्चिलेल्या रुपयाने तेलही अधिक वाचते. आमच्याकडे एस. टी.ने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरील पहिली बस सोडली. पुढे ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. पण गाड्या ठरल्या वेळी आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली. खासगी मोटारीची सवलत वेळेवर आणि एस. टी.ची गाडी मात्र वाटेत, या प्रकाराचा दोष एकट्या पुरवठादारावर टाकून सरकारास मोकळे होता येणार नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ बंद पडल्यापासून त्या टापूतील गरिबास एस. टी.वाचून दुसरा आधार कितीसा उरला आहे?

अनुदान संपविण्याचीही एक रीत असते. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये ते जवळजवळ एका रात्रीत थांबविले आणि पुढील वर्षी तेथील विजेच्या मोटारींचा खप घसरला. चीनने मात्र ते टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२२ च्या अखेरीस बंद केले आणि तोवर तेथील उद्योग स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता. शेवटची तारीख आधी जाहीर करून ती पाळणे, हाच कारखानदार आणि ग्राहक या दोघांच्याही हिताचा मार्ग आहे.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ठराविक किमतीवरील खासगी मोटारींची सवलत आणि करमाफी थांबवावी व जो ६ टक्के कर मागे घेतला तो पुन्हा विधिमंडळापुढे आणावा. त्यातून वाचणारा पैसा एस. टी.च्या गाड्या, शहर बससेवा, ऑटोरिक्षा आणि मालवाहू तीनचाकी यांकडे वळवावा. मध्यवर्ती सरकारची ऑगस्ट २०२३ ची ‘पीएम ई-बस सेवा’ योजना ३ लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या शिरगणतीनेच अमरावती सुमारे साडेसहा लाखांची आणि अकोला सव्वाचार लाखांचे नगर आहे. या दोन्ही नगरांस त्या योजनेचा पुरता लाभ मिळवून देणे, हे आमच्या लोकप्रतिनिधींचे काम आहे. बॅटरीस अतिउष्णता मानवत नाही. म्हणून ४५ अंशांच्या उन्हात चालणाऱ्या वाहनाच्या बॅटरीची दीर्घ मुदतीची हमी ही अनुदानाची अट असली पाहिजे. अमरावतीसह सहा शहरांत सार्वजनिक वाहतुकीचा चौथा हिस्सा २०२५ पर्यंत विजेवर आणण्याचे जे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर झाले होते, त्याचे काय झाले आणि कोणत्या जिल्ह्यास किती अनुदान पोहोचले, याचा जिल्हावार हिशेबही सरकारने जनतेपुढे मांडावा.

तिजोरीतील पैसा करांतून येतो, आणि कर केवळ मोटारवालेच भरतात असे नाही. साबण आणि चपला विकत घेणारा मेळघाटातील मजूरही तो भरतो. त्याच्या पैशातून कोणास वाहन द्यावयाचे असेल, तर ज्या वाहनात त्यास स्वतःस बसावयास मिळेल ते आधी द्यावे. एवढा एक नियम पाळला गेला, तर विजेची गाडी वऱ्हाडच्या रस्त्यांवर सर्वांच्या स्वागतास पात्र होईल.